घडीची भिंत : घरातील आडोशाचा इतिहास आणि त्याची निवड



ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली सातवीत इतिहास शिकण्याचे भाग्य मला लाभले. आज ज्या सभागृहात आपण बसलो आहोत ते मुळात सभागृह नव्हे. ते तीन वर्ग आहेत. मधली लाकडी दारे घडी करून भिंतीशी लावली की सभागृह होते आणि पुन्हा उलगडली की वर्ग होतात. आज सकाळी शिपाईमामांनी ती दारे लोटली तेव्हा बिजागऱ्यांचा जो कुरकुर आवाज झाला, तो मी पन्नास वर्षांपूर्वी ऐकलेलाच होता. शनिवारी शेवटच्या तासाला बाई स्वतः उठून हे दार एका हाताने लोटीत आणि पलीकडच्या सहावीच्या वर्गाला म्हणत, "आता तुम्हीही ऐका." मग दोन्ही वर्ग मिळून बाईंच्या तोंडून एखाद्या स्वारीची किंवा तहाची हकीकत ऐकत.

व्याख्यानासाठी विषय निवडा असे संस्थेने कळवले तेव्हा मला हे दार आठवले. त्याच सुमारास घरात एक आडोसा करण्याचा प्रसंग आला होता आणि तो कसा निवडावा याचा विचार करताना इतिहासाच्या शिक्षकाची जुनी खोड जागी झाली. आडोसा ही क्षुल्लक वस्तू आहे असे आपण समजतो. पण माणसाने घर बांधले त्यानंतर लवकरच घराच्या आत दुसरी, हलती भिंत उभी केली, आणि त्या भिंतीच्या कोणत्या बाजूला कोणी बसायचे यावरून समाजाची बरीच कहाणी कळते. आजचे चार शब्द त्या कहाणीविषयी आहेत.

प्रारंभ चीनपासून करू. घडीच्या पडद्याला चिनी भाषेत जो शब्द आहे त्याचा अर्थ 'वारा अडवणारा' असा होतो. जपानी भाषेने तोच शब्द 'ब्योबू' या रूपाने घेतला. म्हणजे मूळ प्रयोजन अगदी साधे होते. थंड प्रदेशातील मोठ्या, उघड्या दालनांत बसणाऱ्याच्या पाठीला वारा लागू नये, एवढेच. परंतु पाठीशी पडदा असलेली जागा ही मानाची जागा ठरायला वेळ लागला नाही. चीनमधील छांगशा शहराजवळ मावांगद्वे येथे १९७२ साली एक थडगे उत्खननात सापडले. ते हान काळातील, ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातील एका सरदारपत्नीचे होते. थडग्याचा एक कप्पा तिच्या बैठकीच्या खोलीसारखा मांडलेला होता आणि त्यात लाखेचा लेप दिलेला, रंगवलेला एक लहानसा लाकडी पडदाही ठेवला होता. परलोकात जाताना सोबत काय न्यावे याच्या यादीत त्या काळी आडोशाला स्थान होते, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

जपानमध्ये ही वस्तू चीन आणि कोरिया यांच्याकडून गेली. नारा येथील शोसोइन या शाही भांडारात आठव्या शतकातील सहा फळ्यांचा एक पडदा आजही जतन केलेला आहे. त्यावरील स्त्रियांच्या आकृतींना पूर्वी पक्ष्यांची पिसे चिकटवलेली होती. आरंभी प्रत्येक फळी सुटी असे आणि ती चामड्याच्या वा रेशमाच्या दोऱ्यांनी दुसरीला बांधलेली असे. त्यामुळे प्रत्येक फळीला स्वतंत्र चौकट लागे आणि चित्रही तुकड्यातुकड्यांत काढावे लागे. चौदाव्या शतकाच्या सुमारास जपानी कारागिरांनी कागदाचीच बिजागरी शोधून काढली. फळी आता पुढेही वळू लागली आणि मागेही. फळ्यांमधील फट नाहीशी झाली आणि चित्रकाराला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग चित्र काढता येऊ लागले. कागदाच्या पट्टीएवढ्या सुधारणेने एका देशाच्या चित्रकलेला केवढे मोठे मैदान मिळाले, हे पाहून नवल वाटते.

ही घडीची भिंत उभी राहते ती तिच्या वळणांमुळे. तिला पूर्ण सरळ केले तर ती कोसळते. पडदा आणि व्यापारी सरळ राहिले तर उभे राहत नाहीत, अशा अर्थाची एक म्हण जपानात आहे. व्यापाऱ्यांबद्दलचे मत आपण बाजूला ठेवू. आडोसा घेताना मात्र ही म्हण ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्याकडे मी पुढे वळणार आहे.

जपानी घरात दुसऱ्याही प्रकारचा आडोसा होता. दरबारी काळात, म्हणजे दहाव्या-अकराव्या शतकांत, प्रतिष्ठित घराण्यातील स्त्रिया बांबूच्या चिकामागे किंवा आडव्या दांडीवरून सोडलेल्या कापडी पडद्यामागे बसत. पाहुणा बाहेर, स्त्री आत, आणि बोलणे पडद्यातून. मुरासाकी शिकिबू या लेखिकेने अकराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या 'गेंजी मोनोगातारी' या कादंबरीत एक प्रसंग आहे. बाहेर अंगणात तरुण मंडळी चेंडू खेळत आहेत. आतले एक मांजर पळत सुटते, त्याच्या गळ्यातील दोरी चिकात अडकून चीक वर उचलला जातो, आणि आत उभी असलेली राजकन्या एका तरुणाच्या दृष्टीस पडते. तेवढ्या एका क्षणापासून तिच्या आयुष्यातील अनर्थाला सुरुवात होते. पडदा तिच्यासाठी होता, पण तो उचलण्याचे किंवा खाली सोडण्याचे स्वातंत्र्य तिला नव्हते. त्या दिवशी तो एका मांजराने उचलला आणि परिणाम तिला भोगावा लागला.

येथे या विषयातील मुख्य भेद आपल्यापुढे येतो. एक आडोसा असा असतो की जो आतला माणूस स्वतः ओढतो आणि स्वतः बाजूला करतो. दुसरा असा, की जो आतल्या माणसाभोवती इतरांनी उभा केलेला असतो. दोन्ही बांबूचेच असतील, दोन्ही तितकेच देखणे असतील; पण त्यांच्या आत जगणे सारखे नसते.

आता आपल्या जवळच्या किनाऱ्याकडे येऊ. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला आणि १५४३ मध्ये त्यांचे लोक जपानला पोहोचले. त्यानंतर गोवा, मलाक्का, मकाव आणि नागासाकी असा सागरी मार्ग रुळला. या मार्गाने रेशीम आणि चांदी यांबरोबर घडीचे पडदेही फिरू लागले. जपानी 'ब्योबू'चा पोर्तुगीज भाषेत 'बियोंबु' झाला आणि स्पॅनिश भाषेत 'बियोंबो'. आजही त्या भाषांत घडीच्या पडद्याला हाच शब्द आहे. वस्तू आपले नाव बरोबर घेऊन प्रवास करते, याचे हे ठळक उदाहरण.

या मार्गावरील सर्वांत प्रसिद्ध पडद्यांची जोडी दुर्दैवी ठरली. जपानमधील बलाढ्य सरदार ओदा नोबुनागा याने आझुची येथे एक भव्य किल्ला बांधला होता. त्या किल्ल्याचे आणि त्याच्या पायथ्याच्या नगराचे चित्र त्याने कानो एइतोकु या श्रेष्ठ चित्रकाराकडून पडद्यांवर काढवून घेतले. ते पडदे खुद्द जपानच्या सम्राटाला हवे होते, पण नोबुनागाने ती इच्छा समजूनही न समजल्यासारखे केले, आणि १५८१ साली ते जेजुइट धर्मगुरू व्हालिन्यानो याला भेट दिले. पुढच्या वर्षी चार जपानी तरुणांचे शिष्टमंडळ रोमला निघाले. मलाक्का आणि कोची करीत १५८३ च्या अखेरीस ते गोव्यास आले. व्हालिन्यानो गोव्यातच थांबला. तरुण पुढे गेले. १५८५ मध्ये हे पडदे पोप तेरावा ग्रेगरी याला अर्पण करण्यात आले. त्यानंतर ते कोठे गेले याचा माग लागत नाही. अनेक वेळा शोध होऊनही ते मिळालेले नाहीत. इकडे १५८२ मध्येच नोबुनागाचा अंत झाला आणि पाठोपाठ आझुचीचा किल्ला जळाला. किल्ला गेला आणि किल्ल्याचे चित्रही गेले. वारा अडवण्यासाठी जन्मलेली वस्तू एका राजधानीचे एकमेव विश्वसनीय चित्र जपणारी झाली होती, आणि ती हरवल्यामुळे इतिहासाचे एक पानच कोरे राहिले.

हा ओघ एकतर्फी नव्हता. गोव्याच्या व्हाइसरॉयने १५८८ साली तोयोतोमी हिदेयोशी या जपानी सत्ताधीशाला लिहिलेले सुशोभित पत्र व्हालिन्यानोने १५९१ मध्ये त्याच्यापुढे सादर केले; ते आज जपानच्या राष्ट्रीय ठेव्यात गणले जाते. त्यानंतरच्या दशकांत जपानी चित्रकारांनी पडद्यांवर पोर्तुगीज जहाजांचे आगमन हा विषय वारंवार रंगवला. फुगीर विजारी घातलेले व्यापारी, छत्र्या धरणारे काळेसावळे सेवक, घोडे, क्वचित हत्तीही त्यांत दिसतात. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरून गेलेली माणसे आणि जनावरे अशा रीतीने जपानी घरांच्या आडोशांवर जाऊन बसली.

आणखी एक गमतीची गोष्ट सांगतो. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात चीनमध्ये लाखेवर कोरीवकाम केलेले मोठमोठे पडदे तयार होऊ लागले. हिंदुस्थानच्या पूर्व किनाऱ्यावरील बंदरांतून ते युरोपला जात, म्हणून युरोपीय लोक त्यांना 'कोरोमंडल पडदे' म्हणू लागले. चोलमंडलच्या किनाऱ्यावर त्यांतील एकही पडदा तयार झाला नाही. नाव मात्र आपल्या किनाऱ्याचे चिकटले ते आजतागायत. पॅरिसच्या फर्निचरवाल्यांनी तर पुढे हे पडदे करवतीने कापून त्यांच्या फळ्या कपाटांना बसवल्या. तिकडे मेक्सिकोत, मनिलाहून येणाऱ्या जहाजांमुळे ही वस्तू घरोघरी रुजली. तेथे तिचे दोन स्पष्ट प्रकार झाले : पलंगाभोवती लावायचा उंच पडदा, आणि स्त्रियांच्या बैठकीच्या चौथऱ्याभोवती लावायचा ठेंगणा पडदा. निजलेल्या माणसाला कोणाच्या दृष्टीस पडायचे नसते, म्हणून तो उंच. बसून गप्पा करणाऱ्यांना फक्त आपली जागा निराळी आहे असे वाटायला हवे असते, म्हणून हा ठेंगणा. प्रयोजनावरून उंची ठरवण्याचा हा शहाणपणा आजच्या ग्राहकानेही घ्यावा असा आहे.

आता घरी येऊ. आपल्या भाषेत या वस्तूसाठी शब्दांची वाण नाही. कूड, तट्टी, पडदी, चीक, कनात, आडोसा, आडपडदा. यांतील कनात मोगलांच्या आणि मराठ्यांच्या छावण्यांतून आली. कापडी भिंती उभ्या करून एका रात्रीत गाव वसवण्याची ती कला होती. कूड कोकणातल्या गरिबाच्या घरचा. आणि यांखेरीज आपला सर्वांत सुंदर आडोसा म्हणजे लग्नातील अंतरपाट. तो दोघांनी दोन टोकांना धरायचा, मंगलाष्टके संपेपर्यंत धरायचा, आणि मग बाजूला करायचा. बाजूला होण्यासाठीच जो धरला जातो असा दुसरा पडदा मला तरी ठाऊक नाही.

परंतु आपल्या घरांत न दिसणारे आडोसेही होते, हे या व्यासपीठावरून सांगितलेच पाहिजे. ओटीवर पुरुष आणि माजघरात बायका, ही वाटणी करायला पडदा लागत नसे. उंबरठा पुरे होई. महिन्याचे चार दिवस बाजूला बसणाऱ्या बाईभोवती तर काहीच नसे, तरीही ती ओलांडता न येणाऱ्या भिंतीआड असे. हे आडोसे लाकडाचे नसल्यामुळे ते घडी करून ठेवण्याची सोय नव्हती.

आपल्या बडोद्याचा इतिहास या दृष्टीने विशेष आहे. १८९० मध्ये पूर्ण झालेल्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये वरच्या बाजूला जाळीदार सज्जे आहेत. खाली दरबार भरे, गाणे होई, आणि राजघराण्यातील स्त्रिया जाळीआडून ते पाहत. कारागिरीच्या दृष्टीने ती जाळी अप्रतिम आहे यात शंका नाही. पण ज्या घरात ती जाळी होती त्याच घरातील महाराणी दुसऱ्या चिमणाबाई यांनी पुढे पडदा सोडला. १९११ साली हिंदी स्त्रियांच्या स्थितीवर सहलेखकासह इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. आणि १९२७ मध्ये पुण्यास भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषवले. महाराज सयाजीरावांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये ते साऱ्या राज्यात लागू केले. त्यात मुलींचाही समावेश होता. जाळी जागेवरच राहिली, पण तिच्यामागे बसण्याची सक्ती गेली. या शाळेत मुली मुलांच्या बरोबरीने बाकावर बसल्या, आणि बाईंसारख्या स्त्रीने मुलग्यांना इतिहास शिकवला, त्यामागे हे सारे आहे.

श्रोतेहो, आता थोडे खाजगी बोलण्याची परवानगी असावी. काही वर्षांपूर्वी माझी आई घरात पडली आणि तिच्या मांडीचे हाड मोडले. आमचे घर दोन खोल्यांचे. आतल्या खोलीत खाट फिरवायला जागा नव्हती, म्हणून तिची खाट बैठकीच्या खोलीत आणावी लागली. येणारा-जाणारा तिच्या अंथरुणाशी येऊन उभा राहणार, हे मला बरे वाटेना. मी सुताराला बोलावले. त्याने छतापर्यंत प्लायवूडची पक्की भिंत सुचवली. मलाही ती पटली. मापे चालू होती तेव्हा आई खाटेवरून म्हणाली, "अरे, भिंत घातलीस तर दारात कोण आलं ते मला कसं कळणार? आणि कोणाला नको म्हणायचं असेल तर मी हाक मारत बसू का? मला हातानं सरकवता येईल असं काहीतरी कर."

इतिहासाचा अध्यापक म्हणून मी आयुष्यभर जे शिकवले, ते मला त्या क्षणी आठवले नव्हते. ते आईने आठवून दिले. सुतार मापपट्टी गुंडाळून परत गेला आणि दोन दिवसांनी पुन्हा आला.

आम्ही जो आडोसा करून घेतला त्याची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण कोणाला तरी तिचा उपयोग होईल. तीन फळ्या, प्रत्येक दीड फूट रुंद. उंची साडेपाच फूट, म्हणजे उभा पाहुणा सहजासहजी डोकावणार नाही आणि वरून पंख्याचा वारा व खिडकीचा उजेड मात्र येत राहील. चौकट हलक्या लाकडाची आणि मध्ये प्लायऐवजी जाड सुती कापड. कापड मळले की काढून धुता येते. दोन्हीकडे वळणाऱ्या बिजागऱ्या, म्हणजे जागेप्रमाणे कोन बदलता येतो. खाली चार बोटे जागा मोकळी, म्हणजे केर अडत नाही आणि आतल्या माणसाला बाहेरची पावले दिसतात. सरळ उभा करायचा नाही, नागमोडीच ठेवायचा. जपानी म्हण येथे उपयोगी पडली. आवाज अडेल अशी अपेक्षा मात्र कोणत्याही घडीच्या पडद्याकडून धरू नये. ज्याला शांतता हवी त्याने खरी भिंत बांधावी. कोरीवकामाचे शिसवी पडदे दुकानात फार देखणे दिसतात. संखेड्याचे लाखकाम तर आपल्या शेजारचेच, आणि त्याचा तांबडा-सोनेरी रंग कोणालाही भुरळ घालील. पण वजन पाहून घ्यावे. जो आडोसा घरातील सर्वांत अशक्त माणसाला हलवता येत नाही, तो त्या माणसासाठी घेतलेला नाही असे समजावे.

आईने तो आडोसा वर्षभर वापरला. दारापाशी असलेली तिसरी फळी ती बहुधा उघडीच ठेवी. दूधवाला, शेजारची मुले, शाळेतून येणारा नातू, सारे तिला तेथून दिसत. कधी थकली, कधी रडू आले, कधी नुसतेच कोणाशी बोलावेसे वाटले नाही, की हात लांब करून ती फळी लावून घेई. ती लागलेली दिसली की आम्ही आवाज न करता आत जात असू. तिच्या शेवटच्या वर्षात तिच्या हातात फारशा गोष्टी उरल्या नव्हत्या. ही एक होती. आता तोच आडोसा नातवाच्या अभ्यासाच्या टेबलाशी उभा आहे. तो लावतो तेव्हा आम्ही त्याला हाक मारीत नाही.

घरे लहान होत आहेत आणि एकाच खोलीत तीन पिढ्यांना आपापली जागा हवी आहे. त्यामुळे आडोसे वाढणारच, आणि त्यात वाईट काही नाही. प्रत्येकाला काही वेळ दृष्टीआड होता येणे ही गरज आहे. फक्त विकत घेताना रंग आणि किंमत यांच्याआधी एक प्रश्न विचारावा : हा कोणासाठी, आणि तो सरकवणार कोण? चीनमधील सरदारपत्नीच्या दालनापासून आमच्या दोन खोल्यांपर्यंतचा इतिहास चाळल्यावर मला तरी यापेक्षा कामाचा प्रश्न सापडलेला नाही.

बाई शनिवारी हे दार लोटीत तेव्हा आम्हांला वाटे की त्या सहावीच्या मुलांवर उपकार करीत आहेत. पुढे एकदा मी त्यांना याबद्दल विचारले. त्या म्हणाल्या, "अरे, दाराला घडी कशासाठी दिली आहे? भिंतच हवी असती तर बांधणाऱ्यांनी विटा नसत्या का लावल्या?" सोमवारी पुन्हा वर्ग भरतील, म्हणून हे दार आज संध्याकाळी परत उलगडले जाईल. ते लोटण्याचे काम यंदा सातवीच्या मुलामुलींकडे द्यावे, एवढी विनंती मी मुख्याध्यापकांना करतो.